शुद्धलेखन तेवढं बघा

"शुद्धलेखन तेवढं बघून द्या, बाकी सगळं तयार आहे," असं म्हणत लोक बाड ठेवून जातात. लोणी काळभोरात बसून संपादन करणाऱ्याकडे येतात त्या बहुतेक आठवणीच: निवृत्त मास्तरांच्या, तेल डेपोत नोकरी केलेल्यांच्या, एखाद्या ऊसवाल्या बागाईतदाराच्या. कादंबरी क्वचित, आणि आली तरी निम्म्या वेळा ते नावं बदललेलं आत्मचरित्रच असतं.

ऱ्हस्व-दीर्घ शेवटी. आधी मी पहिली पंचवीस-तीस पानं बाजूला काढतो. तिथे कुलवृत्तांत असतो, गावाचा इतिहास असतो, 'माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात' असतो. लेखकाला सूर सापडतो तो पुढेच.

एका बाडात होतं, 'तुकोबांची पालखी मुक्कामी आली की गावात चैतन्य पसरे.' समासात पेन्सिलीनं लिहिलं: तुमच्या घरात काय व्हायचं? उत्तर आलं. दिंडीतली माणसं ओसरीवर झोपायची, म्हणून घरचे सगळे गोठ्यात. आजी मात्र रात्रभर जागी, सकाळच्या भाकरीला पीठ पुरेल की नाही या धास्तीनं. मग 'चैतन्य' त्यांनी आपणहून खोडलं. संपादक म्हणजे कात्री, असा समज आहे. माझा निम्मा वेळ विचारण्यात जातो.

आठवणीतला 'मी' फार लवकर शहाणा होतो, ही खरी अडचण. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात आली. ती आजही वाचली जातात, कारण बाई स्वतःची फजितीही तेवढ्याच मजेनं सांगतात. 'बलुतं'मध्ये (1978) दया पवारांनी बोलणारा दगडू आणि ऐकणारा शिकलेला दया पवार असे दोघे समोरासमोर बसवले. ही युक्ती सगळ्यांनी उचलावी असं नाही (उचलतात, आणि फसतात). पण लिहिणारा साठीचा आणि पानावरचा पोरगा नऊ वर्षांचा, हे भान सुटलं की पोरगा भाषण ठोकायला लागतो.

कादंबरीवाल्याला वेगळंच सांगावं लागतं. 'हे खरंच घडलंय' हा बचाव तिथे चालत नाही. बांधावरून झालेली भावकीतली मारामारी खरी असेल, पण धाकट्यानं कुऱ्हाड का उचलली हे धाकट्याच्या बाजूनं कळायला हवं. लिहिणारा बहुधा थोरल्याचा मुलगा असतो, तिथेच घोडं पेंड खातं.

हयात माणसांचं काय, हे सगळेच विचारतात. चुलत्यानं जमीन लाटली असं छापायचं तर सातबारा आणि फेरफार समोर ठेवा, म्हणतो मी. बदनामीच्या दाव्यात प्रकाशकही ओढला जातो. कागद नसेल तर डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा. चुलत्याला लबाड ठरवायचं की नाही ते वाचक बघेल.

आणि प्रस्तावनेसाठी एवढ्यात कुणा मोठ्या साहित्यिकाकडे धावू नका. बाड अजून दोनदा तरी बदलायचंय.