नळदुर्गचे पाणी आणि पाच सूर

नळदुर्गला मी आयुष्यात दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा एका खेळापायी. वास्तविक आम्ही मूळचे सोलापूरचे. उमरग्याकडे जाणारी एस.टी. धरली, की इटकळ मागे टाकून तासाभरात नळदुर्ग येते. पण घराजवळचे तीर्थ आणि घराजवळचा किल्ला माणसाच्या नशिबी शेवटीच येतो.

खेळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट येईल. हा खेळ संगणकावरचा. १९९७ साली आमच्या दादाने हप्त्यांवर संगणक घेतला. निमित्त, दुकानाच्या हिशेबाचे. हिशेब पुढेही वहीतच होत राहिले. संगणकावर मात्र पुण्याच्या एका स्नेह्याने दिलेली तबकडी फिरू लागली. खेळाचे नाव ‘मिस्ट’.

आपण एक पुस्तक उघडतो आणि एका निर्जन बेटावर जाऊन पडतो. धक्का आहे, अर्धे बुडालेले जहाज आहे, ग्रंथालय आहे, फिरणारा मनोरा आहे. माणूस मात्र नाही. काय करायचे ते कोणी सांगत नाही. शत्रू नाही, बंदूक नाही, घड्याळ लावलेले नाही. कळ दिसली तर दाबून पाहायची, पान दिसले तर वाचायचे, आवाज आला तर कान द्यायचा. एवढ्यावर हा खेळ साठ लाखांहून अधिक खपला.

तो केला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनजवळच्या दोन भावांनी, रँड आणि रॉबिन मिलर यांनी, १९९३ साली. नाव सुचले ज्यूल व्हर्नच्या गूढ बेटाच्या कादंबरीवरून; ज्या व्हर्नला भा. रा. भागवतांनी आपल्या घरांत आणून सोडले, तोच हा व्हर्न. सगळे बेट म्हणजे सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे. एकेक चित्र तयार व्हायला त्या काळच्या यंत्राला तासन्‌तास लागत. एक पाऊल टाकले की एक चित्र जाई, दुसरे येई. आमच्या संगणकावर तर ते इतके सावकाश येई, की मधल्या वेळात आईचा चहा येऊन जाई.

संध्याकाळी सातला आम्ही दोघे बसत असू. उंदीर माझ्या हातात, दोनशे पानी वही दादाच्या. मनोऱ्याचा नकाशा, कळांच्या खुणा, सगळे तो पेन्सिलीने काढी. आई एकदा म्हणाली, “त्या बेटावर माणूस नाही म्हणता, मग भांडता कुणाशी?”

भांडण्याचे कारण होते. ग्रंथालयात दोन पुस्तके आहेत, एक तांबडे, एक निळे. प्रत्येकात एक भाऊ अडकलेला. तांबड्यातला म्हणतो, माझी हरवलेली पाने आणून दे, दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. निळ्यातलाही तेच म्हणतो. दादाचा विश्वास तांबड्यावर, माझा निळ्यावर. गंमत अशी, की या दोघा भावांची कामे मिलर बंधूंनी स्वतःच केली आहेत. कोणाचे खरे ते सांगून नव्याने खेळणाऱ्याचा विरस करीत नाही. इतकेच सांगतो, की चार महिने आम्ही त्यावरून वाद घातला आणि पुढे तोच वाद खरोखरीच्या आयुष्यात घालून दाखवला.

त्या खेळात एके ठिकाणी जहाज खडकात रुतलेले आहे. खडकाच्या पोटात जिने, खोल्या, आणि सगळे पाण्याने भरलेले. तीन कळा आहेत. एक दाबली की एका जागेचे पाणी उपसले जाते आणि दुसरीकडे भरते. आम्ही तिथे आठ दिवस अडकलो. नवव्या दिवशी दादा म्हणाला, “दगडाच्या पोटात कोरडी खोली आणि बाहेर पाणी. असली जागा आपल्याकडे आहे. चल.”

अशी आमची पहिली नळदुर्गवारी घडली, ऐन वैशाखात. बोरी नदीच्या वळणावर काळ्या दगडाचा हा प्रचंड किल्ला. लोक त्याचे नाते नलराजाशी जोडतात. इतिहास बहमनी आणि आदिलशाही सांगतो. समोर नदीपलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. दोहोंच्या मध्ये इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांध घातला, आणि त्या बांधाच्या पोटात महाल काढला. बांधातून जिना उतरायचा, की नदीच्या मध्यावर, दगडी भिंतीच्या आत, आपण कमानीच्या गवाक्षाशी उभे. नदी भरली की पाणी वरून दोन वाटांनी कोसळते. मोठी वाट ती नर, धाकटी ती मादी. महालातला माणूस कोरडा.

पण आम्ही गेलो तेव्हा नदीत गुरे चरत होती. किल्ल्यात बाभळी, महालात वटवाघळे. दादाने काठीने भिंत ठोकून पाहिली, वहीत बांधाचा छेद काढला, आणि परतताना गाडीत म्हणाला, “पाणी असताना यायला पाहिजे.” त्या रात्री जहाजाचे कोडे सुटले. पाणी असताना जायचे मात्र राहून गेले.

मग मी पुण्याला आलो. आई गेली. सोलापूरच्या घराचा प्रश्न निघाला. कोणाचे किती चुकले हे मी लिहिले तर निळ्या पुस्तकातून बोलल्यासारखे होईल. सहा वर्षे आम्ही एकमेकांच्या घरच्या कार्यांना आहेर पाठवले आणि स्वतः गेलो नाही.

यंदा चिरंजीवांनी लॅपटॉपवर ‘मिस्ट’ लावून दिला. तोच खेळ, पण २०२१ साली कर्त्यांच्याच संस्थेने संगणकासाठी मुळापासून पुन्हा उभारलेला. आता चित्रे बदलत नाहीत. आपण खुशाल चालतो, मान वर करून आभाळ पाहतो. धक्क्यावर पाणी हलते, झाडे सळसळतात. पहिला अर्धा तास मी नुसता हिंडलो. वाटले, लहानपणच्या शाळेत जावे आणि बाके खरोखरच तेवढीच निघावीत, तसे. तरी एक सांगतो: जुन्या स्थिर चित्रांत एक शांतता होती. पुढचे चित्र येईपर्यंत थांबावे लागे, आणि थांबलेला माणूस विचार करी. आता मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो आणि वाटेतली खूण चुकवतो. चिरंजीवांना हे पटले नाही. ते म्हणाले, “बाबा, तुमचा संगणक मंद होता, त्याला तुम्ही शांतता म्हणता.”

पुढची चाल त्यांचीच. नव्या आवृत्तीत कोड्यांची उत्तरे बदलून घेण्याची सोय आहे. चिरंजीवांनी ती न सांगता वापरली. माझे सत्तावीस वर्षे जपलेले पाठांतर पहिल्याच दिवशी निकालात निघाले. बाकीचे पुन्हा सोडवले. अडलो ते अग्निबाणापाशी.

बेटावर एक अग्निबाण उभा आहे, त्यात पेटी. एका पुस्तकात पाच पट्ट्यांची खूण सापडते. ते पाच सूर पेटीवर वाजवायचे, ऐकायचे, मग दुसऱ्या टोकाला पाच खटके वरखाली सरकवून तेच पाच सूर जुळवायचे. आकडे नाहीत, खुणा नाहीत. कानाने जुळवायचे. आणि आमच्या घराण्यात कान एकालाच. दादा पेटी वाजवतो. मी भजनात टाळ धरला तरी शेजारचा सरकून बसतो. १९९७ साली हे कोडे त्याने पाच मिनिटांत सोडवले होते, सूर वहीत सारेगम लावून लिहिले होते. वही त्याच्याकडे, आणि आता तीही उपयोगाची नाही.

चार रात्री खटके सरकवले. पाचव्या दिवशी फोन केला.

वहिनींनी उचलला. “भाऊजी, तुम्ही?” एवढे म्हणून त्यांनी तो दादाकडे दिला. मी बरेच काही ठरवले होते, प्रत्यक्षात म्हणालो, “दादा, अग्निबाण उघडत नाही.”

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, “सूर बदललेत?”

“बदललेत.”

“बोरी धरण भरलंय. नर-मादी पडताहेत. रविवारी ये.”

भाद्रपदातला रविवार होता. स्थानकावर दादा उभा. केस पांढरे, काठी नवी, पिशवीत वहिनींनी दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गाडीत आम्ही पावसाबद्दल आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो.

किल्ला ओळखू आला नाही. २०१४ नंतर काही वर्षे शासनाच्या योजनेखाली सोलापूरच्या एका कंपनीने त्याच्या दुरुस्तीचे आणि देखभालीचे काम पाहिले. बाभळी गेल्या, वाटा झाल्या, हिरवळ आली. मला ती हिरवळ अंमळ जास्त वाटली. आदिलशहाने ती पाहिली असती तर घोडे सोडले असते. पण उपळी बुरजाचा चढ आता म्हाताऱ्यांनाही साधतो. त्या उंच टेहळणीच्या बुरजावर लांबलचक तोफा पडल्या आहेत, आणि तिथून चहूकडे काळी रानं, मध्ये बोरीचे वळण. मेडोज टेलर हा इंग्रज लेखक १८५३ पासून काही वर्षे इथे अधिकारी होता. त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरचा हा मुलूख येतो. त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गच होते. मग ते धाराशिवला गेले, धाराशिवचे उस्मानाबाद झाले, आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव. दादा म्हणाला, “हीसुद्धा नवी आवृत्तीच.”

आवाज बुरजावरूनच ऐकू येत होता. बांधाशी आलो तेव्हा बोलायचे तर ओरडावे लागे. पाणी बेताचे होते म्हणून आत सोडत होते. शाळेच्या मुली, तुळजापूरहून देवी करून आलेली कुटुंबे, कडेवर पोरे, सगळी रांग जिना उतरत होती. दगड गार, ओला, पायाखाली बुळबुळीत. दादाने माझा खांदा धरला आणि तो धरूनच उतरला.

आत गेलो आणि गवाक्षाशी उभे राहिलो. पुढ्यात नदी उभी कोसळत होती. मातकट पांढरा पडदा, त्यातून ऊन आत येत होते आणि भिंतीवर हलत होते. तुषार गवाक्षाच्या उंबऱ्यापर्यंत, पुढे नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्या कोणा गवंड्याने हा कोन धरला असेल, त्याने पाणी किती पुढे फेकले जाईल याचा हिशेब केला, आणि तो अजून चुकलेला नाही. त्या खेळातले खडकातले जहाज मी दोन्ही आवृत्त्यांत पाहिले; नव्या आवृत्तीतले पाणी फार सुरेख आहे. पण त्याने छातीच्या फासळ्या हादरत नाहीत. इथे हादरतात.

दादा डोळे मिटून उभा होता. मला वाटले, चढ-उताराने दमला. जवळ गेलो तर तो कानाशी येऊन ओरडला, “दोन वेगळे आहेत. नराचा खर्जात आहे, मादीचा वर. ऐक.”

मी ऐकले. मला एकच घोष ऐकू आला. तसे सांगितले, तर तो हसला. सहा वर्षांत तो हसताना कसा दिसतो हे विसरायला झाले होते.

बाहेर येऊन एका दगडावर भाकरी सोडली. मी फोन काढला. चिरंजीवांनी पेटीचे पाच सूर आणि माझे पाच खटके त्यात टिपून दिले होते. दादाने फोन कानाला लावला, दोनदा ऐकले, मग पिशवीतून ती दोनशे पानी वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण बांधाचा छेद शाबूत होता. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने पाच अक्षरे लिहिली.

“चौथा तू चढा लावतोस,” तो म्हणाला. “थोडा खाली घे. आणि वही परत पाठव.”

“पाठवू कशाला,” मी म्हटले, “घेऊनच येतो. दिवाळीला.”

त्याने चटणीचा पुडा माझ्याकडे सरकवला. घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती; दादाला बसायला जागा मिळाली, मी इटकळपर्यंत उभा राहिलो.