कासव

याच्या पाठीवर उसळती लाट कोरलेली आहे आणि आमच्या घरी आल्यापासून मी याला पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. नाव सेइको ६३०९-७०४०. आमच्याकडची जुनी माणसं ‘सिको’ म्हणतात, जगभरचे शौकीन ‘कासव’. कासवच बरोबर. अंग रुंद, उशीसारखं फुगीर, कडा उतरत्या. चावी तीनपाशी नाही, चारपाशी, आणि तीही अर्धी अंगात ओढून घेतलेली.

१९७६ ते १९८८ हे घड्याळ बनत होतं, पाणबुड्यांसाठी, १५० मीटर खोलीचं. याचा थोरला भाऊ ६१०५. तो १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये मार्टिन शीनच्या मनगटावर झळकला आणि पुढे त्याचे भाव आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेले. धाकट्याला तसा सिनेमा मिळाला नाही, म्हणून तो मला परवडला.

चोर बाजारात विक्रेत्यानं आधी काढलं ते दुसरंच. केशरी तबकडी, नव्या स्कूटरसारखी चकचकीत, काटे पांढरेशुभ्र. जुन्या यंत्रावर नव्यानं रंगवलेली तबकडी बसवलेल्या अशा घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी ‘मुंबई स्पेशल’ नाव ठेवलंय. आपल्या गावाचं नाव या कामी यावं याचा राग येतो, पण असा माल हातात घेतला की तो राग गिळावा लागतो. खऱ्या तबकडीच्या तळाशी, सहाच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक क्रमांक असतो. रंगाऱ्याचा हात तिथे हमखास चुकतो. इथे तर नुसती पुसट रेघ होती.

मी मान हलवल्यावर त्यानं नाइलाजानं हे काढलं. ‘‘लेकिन ये तो पुराना है, साब.’’

तबकडी काळी, काचेवर दोन चरे. आपण सवयीनं रेडियम म्हणतो ते ठिपके जुन्या तुपासारखे पिवळे पडलेले, आणि काटेही त्याच रंगाचे. म्हणजे दोघं एकत्रच म्हातारे झाले होते. मी पालथं करून पाठीवरचा क्रमांक वाचला. पहिला आकडा ४, वर्षाचा शेवटचा. दुसरी जागा महिन्याची. नऊपर्यंत आकडे चालतात, पुढच्या तीन महिन्यांना ओ, एन, डी ही इंग्रजी अक्षरं. माझ्या कासवावर डी. डिसेंबर १९८४. तिथे ६ असता तर १९७६ की १९८६ हा घोळ करत बसावं लागलं असतं.

वार बदलून पाहिला. ‘सन’नंतर अरबी अक्षरं उमटली. म्हणजे आखाताकडच्या दुकानांसाठी बनलेलं. विक्रेता म्हणाला, रत्नागिरीकडच्या एका बोटीवरच्या माणसाचं. गोष्टी रचणं हा त्याच्या धंद्याचाच भाग, पण ही मी विकत घेतली. फिरत्या कडीखालचा काळपट थर घड्याळजींनी नंतर टाचणीनं उकरला तेव्हा मी उगाच समुद्राचं मीठ शोधत होतो.

स्वभाव विचाराल तर हट्टी. हातानं चावी भरता येत नाही. मनगट हललं तर आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि कमान गुंडाळली जाते. शनिवार-रविवार टेबलावर ठेवलं की सोमवारी हे रुसून बंद. चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, सेकंदाला सहा ठोके टाकत पुढे जातच राहतो. त्याला मोबाइलशी सेकंदाबरहुकूम जुळवायचं मी सोडून दिलंय.

घड्याळजींनी पाठ उघडली तेव्हा आतली रबरी रिंग शिळ्या पापडासारखी मोडली. त्यांनी नवी घातली, तेलपाणी केलं, आणि बजावलं, ‘‘दीडशे मीटर वगैरे तरुणपणी हो. आता हात धुतानासुद्धा काढून ठेवायचं.’’

मला काय, पोहता कुठे येतं!

जुलैत दादरला उतरलो तेव्हा पाऊस आडवा येत होता. माझी छत्री उलटी झालेली. कासव प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गाठी मारून पँटच्या खिशात होतं. पुलाच्या पायऱ्या चढताना खिशावर हात ठेवला, तर दर पायरीला ते वजन गरकन फिरत होतं.