बेंजो कुणाचा?

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या घरांना एक सवय जडते. नवी वस्तू, नवा रिवाज किंवा नवा सूर दारात आला, की आम्ही प्रथम विचारतो, "हे आपले का?" पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही, तो जे करील ते आपसूकच मराठी ठरते. आम्हां उज्जैनच्या मराठी कुटुंबांना मात्र तो पावलोपावली पडतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांच्या मागोमाग मराठी माणसे माळव्यात आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी कितीएक घरे क्षिप्राकाठीच राहिली. राज्य गेले, दरबार गेला; उरले ते देव, सणवार, भाषा आणि स्वयंपाकघर. जे उरले ते जपायचे, तर त्यात काय मिसळू द्यावे आणि काय नाही, याचा विचार करणे आम्हांला भागच पडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या गणेशमंडळात हाच प्रश्न एका वाद्यावरून उभा राहिला. विसर्जनाच्या मिरवणुकीत मुंबईसारखा बेंजो वाजवावा, असे तरुणांचे म्हणणे पडले. वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. आमच्या घरातले नाना तर स्पष्टच म्हणाले, "अरे, ते वाद्य ना शास्त्राचे, ना आपले. झांजा आहेत, लेझीम आहे, त्यांचे काय वाईट आहे?" त्यावर पुतण्याने विचारले, "नाना, लालबाग-परळच्या गणपतीपुढे वाजते ते आपले नाही, तर मग आपले म्हणायचे तरी कोणते?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणून हा बेंजो मुळात आहे तरी कुणाचा, याचा शोध घ्यावा असे आम्ही ठरवले. तो शोध आम्हांला वाटला होता त्याहून पुष्कळच लांब घेऊन गेला.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेले, चामड्याने मढवलेल्या गोल तोंडाचे जे बँजो नावाचे वाद्य आहे, त्याचा आणि कोकणातल्या व मुंबईतल्या बेंजोचा नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, तीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या बटणांची ओळ. डाव्या हाताने बटण दाबले, की तार योग्य जागी पडदीवर टेकते आणि उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. सूर शोधावा लागत नाही, तो बटणाखाली तयारच असतो. त्यामुळे कोणाही हौशी माणसाला चार दिवसांत त्यावर आरतीची चाल काढता येते. आमच्या पिढीतल्या अनेक घरांत असा एखादा बुलबुलतरंग कपाटावर असे आणि दुपारच्या वेळी मुलांच्या हाती पडे. त्याला कुणी गंभीर वाद्य मानीत नसे. ते खेळणे आणि वाद्य यांच्या सीमेवरचे काहीतरी होते.

या पेटीचा जनक निघाला जपानी! नागोया शहरातील मोरिता गोरो या वादकाने १९१२ मध्ये ती घडवली. तो दोन तारांचे एक पारंपरिक जपानी वाद्य वाजवीत असे. टंकलेखन यंत्राची बटणे आणि आपल्या वाद्याच्या तारा यांची त्याने सांगड घातली. जपानमध्ये त्याच वर्षी नव्या सम्राटाचा ‘ताइशो’ कालखंड सुरू झाला होता, म्हणून त्या वाद्याला ‘ताइशोगोतो’, म्हणजे ताइशो काळातले ‘कोतो’, असे नाव मिळाले. ज्याला संगीताची तालीम नाही अशा सामान्य माणसालाही घरबसल्या सूर काढता यावेत, हा त्यातला मोठा गुण होता.

पुढे हे स्वस्त आणि सुटसुटीत वाद्य जहाजांतून देशोदेशी गेले. इंडोनेशियाच्या बाली बेटात ते रुजले. बलुचिस्तानात तेथील कारागिरांनी त्याचा आकार वाढवून ‘बेंजू’ केला आणि तो बलुची लोकसंगीताचा आधार झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली लोकांच्या ‘तारब’ गायनात ते शिरले. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले आणि कोकणपट्टीत व मुंबईत बेंजो. प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्याला आपली चाल, आपला ताल आणि बहुधा आपले नावही दिले. मोरिताचे नाव मात्र वाटेतच गळून पडले.

या वाद्याची एक मोठी अडचण होती. त्याचा आवाज नाजूक. ढोलकी, ताशा आणि शेकडो माणसांचा गलबला यांत तो बुडून जाई. दिवाणखान्यातले हे वाद्य रस्त्यावर आणणारी किमया विजेची, आणि तिचा उगम पाहण्यासाठी जपानहून अमेरिकेस जावे लागते.

गिटारची अडचणही तीच होती. वाद्यवृंदात तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नसे. १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशां याने अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्याने तारांजवळ लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार थरथरली, की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकातून मोठा केला की झाली विजेची गिटार. पण पोकळ पेटीच्या गिटारीला हे साधन जोडले, की ध्वनिवर्धकाचा आवाज पेटीत परत घुमून किंकाळ्या उठत. यावर उपाय म्हणून लेस पॉल या वादकाने भरीव लाकडाची गिटार करून पाहिली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याने १९५० मध्ये तशी गिटार कारखान्यात घडवून बाजारात आणली आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची गिटार काढली. तिची आकृती आजही जगभर गिरवली जाते.

हा फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, ती तो कधी शिकलाही नाही! दुकानात येणाऱ्या वादकांच्या हाती तो आपली वाद्ये देई आणि त्यांच्या तक्रारी ऐकून सुधारणा करी. त्याला हवा होता स्वच्छ, निखळ सूर. पुढच्या पिढीने मात्र त्याच गिटारीतून मुद्दाम फाटका, गुरगुरणारा, आक्रंदणारा सूर काढला. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने डावखुऱ्या हाताने उलटी धरून वाजवली ती फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर. १९९१ मध्ये फेंडर वारला तोवर त्याच्या वाद्याने जगाच्या लोकप्रिय संगीताचा तोंडवळाच बदलून टाकला होता. आपल्याकडेही व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घराघरांत गेल्या, आणि १९७३ च्या ‘यादों की बारात’पर्यंत गळ्यात गिटार अडकवलेला तरुण पडद्यावर परका वाटेनासा झाला.

आम्हांला येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. संशोधक वाद्य घडवतो, म्हणजे एक शक्यता निर्माण करतो. त्या शक्यतेचे काय होणार हे त्याच्या हाती नसते. मोरिताला गणपतीची मिरवणूक ठाऊक नव्हती आणि फेंडरला हेंड्रिक्सचा आक्रोश. संशोधकाचा प्रभाव टिकतो तो त्याचा हेतू जसाच्या तसा पाळला जातो म्हणून नव्हे; अनोळखी हात त्या वस्तूत आपले काहीतरी घालतात म्हणून तो टिकतो.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या वादकांनी बेंजोच्या बाबतीत नेमके हेच केले. त्यांनी नाजूक बुलबुलतरंगाला गिटारसारखा पिकअप बसवला, तो ध्वनिवर्धकाला जोडला, साथीला ढोलकी, ताशे आणि ड्रम घेतले आणि कोळीगीतांपासून चित्रपटगीतांपर्यंत सारे काही त्यावर आणले. बटणाच्या वाद्यात सूर तुटक निघतो. तो लांबवण्यासाठी नखी इतक्या द्रुत गतीने फिरवायची, की तुटक सुरांची सलग रेघ भासावी, ही त्यांची खुबी. हे वादक बहुतेक कष्टकरी घरांतले. सणाच्या दिवसांतली बिदागी हा त्यांच्या संसाराला हातभार. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा मुंबईबाहेरच्या अनेकांना या मंडळींची प्रथम ओळख झाली. आता डीजेच्या भिंतींपुढे त्यांचे काम आक्रसत चालले आहे.

नानांचा आक्षेप मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. बटणाच्या वाद्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हे खरेच आहे. पण हाच आरोप एके काळी हार्मोनियमवर झाला होता. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये एकस्व घेतलेली ती विलायती पेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारण्याचे सुटसुटीत रूप दिले. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या काळातही मराठी घरांतली भजने, कीर्तने आणि नाटके पेटीवाचून अडत होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती कोणत्याही फतव्याने गेली नाही. आज नानांच्या देवघराशेजारी जी पेटी आहे, तिला परकी म्हणण्याचे धैर्य आमच्यापैकी कुणालाही होणार नाही.

आणि दूर कशाला जावे? महाकालाची सवारी आमच्या डोळ्यांपुढून दरवर्षी जाते. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेने श्रावण लागला, की दर सोमवारी पालखी निघू लागते. रामघाटावर क्षिप्रेच्या जलाने पूजन होऊन गोपाळ मंदिरावरून परतते. मात्र उत्तरेचा श्रावण संपला तरी सवाऱ्या थांबत नाहीत. त्या आपल्या अमान्त श्रावणाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे इथल्या लोकांच्या भाद्रपदात, चालतात. मराठी राजवटीने आणलेली ही कालगणना माळव्याने इतकी आपलीशी केली आहे, की हे कुणाचे पंचांग असा प्रश्न गर्दीतल्या एकालाही पडत नाही. आमचे पंचांग जर माळव्याचे होऊ शकते, तर नागोयाची पेटी आमची होण्यास हरकत कोणती?

अखेर मंडळाने मधला मार्ग काढला. बाहेरचा ताफा आणायचा नाही, डीजे तर नाहीच. मंडळातल्याच दोन मुलांनी बेंजो शिकावा. कपाटावरचा एक जुना बुलबुलतरंग खाली उतरला. फ्रीगंजमधल्या एका रेडिओ-दुरुस्तीवाल्याने त्याला पिकअप बसवून दिला. त्या गृहस्थालाही वाद्य वाजवता येत नाही. मुलांना वाजवायला सांगून, कान लावून, तो आवाज जुळवीत बसला. मुलांनी आधी आरती बसवली, मग अभंगांच्या चाली, आणि मग त्यांची हौस म्हणून कोळीगीते. आवाज बेताचा राहील आणि रात्री दहाला वाद्य बंद होईल, ही वडीलधाऱ्यांची अट त्यांनी पाळली. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मींड नाही, पण पोराचा हात गोड आहे." नानांकडून एवढे येणे म्हणजे पुष्कळच झाले.

या मुलांपैकी एकाला मराठी बोलता येते, पण वाचताना तो अडखळतो. बेंजोवर बसवलेल्या अभंगाचे शब्द समजून घ्यावेत म्हणून तो आता आजीकडून ते वाचून घेतो. वाद्य जपानचे, वीज अमेरिकेच्या युक्तीची, ठेका कोकणचा आणि शब्द पंढरीचे. हे सारे माळव्यातल्या एका पोराच्या हाती एकत्र येते, तेव्हा त्यातले आपले कोणते आणि परके कोणते याची वाटणी कशी करावी? आम्ही एवढेच केले आहे, की त्या पेटीच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवून त्यावर मोरिता गोरो, नागोया, १९१२ असे लिहिले आहे. खाली जागा मोकळी ठेवली आहे. जो जो शिकेल त्याने तेथे आपले नाव लिहावे. आजवर तिथे चार नावे आली आहेत, आणि त्यांतले एक आमच्या नातीचे आहे.