मरीन ड्राइव्हची खारी हवा

नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी हा साडेतीन किलोमीटरचा कट्टा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि लाटा टेट्रापॉडवर फुटू लागल्या की ओठांवर खारट चव येते. हा खारटपणा हवेत चढतो कसा? मिठागरात तर ऊन पाणी तेवढे उचलते आणि मीठ मागे ठेवते.

उत्तर फेसात आहे. बुडबुडा फुटताना त्याचे पातळ कवच फाटून अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि त्याच्या तळातून पाण्याची एक बारीक धार वर उसळते. वाऱ्यावर चढते ते हे तुषार. त्यांत केवळ मीठ नसते. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती व जीवाणूंपासून आलेली मेदाम्ले साबणाप्रमाणे पाण्याच्या पृष्ठभागी साय धरतात. बुडबुडा वर येताना तीच गोळा करून आणतो. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील मेस हेड केंद्रातील निरीक्षणे २००४ साली प्रसिद्ध झाली. सागरी वनस्पतींच्या बहरकाळात सर्वांत बारीक कणांत मिठापेक्षा सेंद्रिय द्रव्यच अधिक असते, असे त्यांत दिसून आले. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांना थेंबातील जीवसृष्टीचे अप्रूप नाही. तरी एवढ्याशा थेंबाला स्वतःची त्वचा असावी, याचे मला नवल वाटते.

शहराच्या धुरात शिरल्यावर हा कण बदलू लागतो. वाहनांच्या धुरापासून हवेत बनलेले नायट्रिक आम्ल कणाच्या पृष्ठभागावर बसते. सोडियम तिथेच राहतो, क्लोरीन मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने वायू होऊन निघून जातो. पेढी तीच, भागीदार बदललेला! किनाऱ्यालगत हा व्यवहार पूर्ण होण्याइतका वेळ मिळत नाही, म्हणून समोरच्या इमारतींवर बरेचसे अस्सल मीठच बसते.

सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला मीठ हवेतील पाणी ओढून विरघळते; पुन्हा कोरडे व्हायला मात्र आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांपर्यंत उतरावी लागते. मुंबईच्या चातुर्मासात ते कुठून घडणार? स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या गृहिणींना हे ठाऊकच आहे.

येथील १९३० व ४०च्या दशकांतील आर्ट डेको इमारती २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्या काँक्रीटच्या आहेत आणि आत लोखंडी सळया आहेत. ओल्या मिठातील क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत झिरपते आणि सळईवरील संरक्षक थर मोडते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीटला तडे जातात आणि सज्जाचे ढलपे सुटतात. अशा वेळी सोसायटीच्या सभेत स्वस्त म्हणून नुसत्या गिलाव्याचा व रंगाचा ठराव होतो. तो पैसा बहुधा वाया जातो. कारण क्लोराइड आतच राहते. खराब काँक्रीट फोडून, सळई उघडी करून, गंज खरवडून, गरज पडल्यास नवी सळई जोडूनच पुढचा थर द्यावा लागतो.