पत्त्यामागचा हात

टॅरोचे पत्ते जमवणाऱ्या बाईला लोक एकच विचारतात, "माझं भविष्य सांगता का?" मी सांगत नाही. यंदा मी कपाटातले डेक एकेक करून बाहेर काढते आहे. एक पत्ता उचलायचा, चित्र निरखायचं, जे दिसलं ते वहीत लिहायचं. त्याबरोबर आणखी एक काम लावून घेतलं आहे. हे चित्र कुणी काढलं, ते शोधायचं. आता तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जगात सर्वांत ओळखीचा झालेला डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कित्येक वर्षं त्याचं नाव 'रायडर-वेट' एवढंच होतं. रायडर प्रकाशक, वेट योजनाकार. ७८ चित्रं काढणारी पामेला कोलमन स्मिथ मात्र नावात कुठेच नाही. तिने काही महिन्यांत एवढं काम उरकलं, पैसे तुटपुंजे मिळाले आणि १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्ज मागे ठेवून गेली. तिची वेलांटीदार सही तेवढी चित्रांच्या कोपऱ्यात राहिली.

पामेला नाटकवाल्यांत वावरलेली होती. तिच्या पुष्कळ पत्त्यांत पात्रांच्या पायांमागे एक आडवी रेघ असते आणि रेघेपलीकडे डोंगर, नदी, वाडा. पुढे रंगमंच, मागे रंगवलेला पडदा! कोल्हापूरच्या माणसाने हे चटकन ओळखावं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर त्याच काळात इथे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. पेल्यांची पंजी घ्या. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे, पुढ्यात तीन पेले कलंडलेत, पाठीमागचे दोन उभे आहेत, ते त्याने पाहिलेलेच नाहीत. तिच्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये पंजीवर नुसते पाच पेले असत. तेवढ्यावर तिचंही भागलं असतं. तिने तिथे एक माणूस आणि त्याचं दुःख उभं केलं.

गूढविद्येचा अभ्यासक अॅलिस्टर क्रौली याच्या नावाने खपणारा थॉथ डेक लेडी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवला. तो छापून आला तेव्हा दोघेही हयात नव्हते. भविष्य सांगणाऱ्या लेनोर्माँ बाईंच्या नावाच्या ३६ पत्त्यांना तर त्यांचा हातही लागलेला नाही. त्या पत्त्यांचं मूळ न्यूरेंबर्गच्या हेख्टेल यांनी रचलेल्या एका खेळात आहे.

टॅरोही मुळात खेळच. पंधराव्या शतकात इटलीत डाव रंगत. भविष्य त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. म्हणूनच माझ्या कपाटात सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा परका वाटत नाही. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२०. आकड्यांच्या पत्त्यांत निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर हाताने चित्र, त्यावर लाखेची झिलई. ही कला विझत आली असताना सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी ती वृद्ध पुंडलिक चितारींकडून शिकले आणि त्यांनी राजवाड्यातच कारागीर बसवले. चितारींचं नाव मला ठाऊक आहे, पण माझ्या पेटीतला मत्स्य कुणी रंगवला, ते पेटीवर लिहिलेलं नाही. माशाच्या डोळ्याभोवतीची ती बारीक रेघ कुणाची?

हल्ली काही ओरॅकल डेक, म्हणजे संदेश देणाऱ्या पत्त्यांचे संच, असे येतात की त्यांना चित्रकारच नसतो. यंत्राने काढलेली गुळगुळीत चित्रं आणि खाली गोड वाक्य. त्यांच्याकडे पाहून वहीत माझ्याने एक ओळ लिहवत नाही. दिवस काय वाईट, काय बरा, माणसाच्या चित्रापुढेच मला बोलता येतं. असे डेक मी कपाटातून काढून टाकले आहेत.

आजरा, आंबोली करत घाट उतरून सावंतवाडीला जाल, तेव्हा राजवाड्यात गंजिफा जरूर घ्या. पण पैसे देण्याआधी, तो कुणी रंगवला ते विचारा आणि ते नाव पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.