झाकली मूठ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी दार सताड उघडे ठेवी. दागिन्यांचा डबा मात्र माजघरात. लक्ष्मीने आत यावे, तिचा हिशेब बाहेर जाऊ नये, असा तिचा साधा कायदा होता.

परवा माझ्या भाच्याने तो मोडला. बिटकॉइनमधली आपली कमाई त्याने मोबाइलवरून जगजाहीर केली. आकड्याशेजारी राहत्या घराच्या गच्चीवरचा फोटो! मी रागावलो, तर हसून म्हणाला, "मामा, हे कोण चोरणार? किल्ली फक्त माझ्याजवळ आहे."

"म्हणूनच भीती वाटते!" मी म्हणालो. तिजोरी फुटत नसेल, तर चोर तिजोरीवाल्यालाच धरतो. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये दाविद बालाँ यांना घरातून पळवून नेले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट तोडले. ज्या लेजर कंपनीचे ते सहसंस्थापक, ती अशा किल्ल्या जपणारी उपकरणेच बनवते! पोलिसांनी त्यांना सोडवले, हे नशीब. बिटकॉइन एकदा दुसऱ्याकडे गेले, की ते परत फिरवणारी बँक नाही. शिवाय त्याची वही सर्वांना खुली. कोणता पत्ता कुणाचा हे कळले, की शिल्लकही वाचता येते.

भाचा गंभीर झाला. त्याने फोटो पुसला. "पण मामा, कुणी आधीच जपून ठेवला असेल तर?"

मी गप्प राहिलो. त्याच सकाळी प्राध्यापकांच्या खोलीत तो आकडा मीच चौघांना मोठ्या अभिमानाने सांगितला होता.