मडगार्डच्या आत

गाडी धुतली असं आपण म्हणतो, तेव्हा छत, काचा, बॉनेट आणि दारं धुतलेली असतात. फार तर चाकांवर पाणी मारलेलं असतं. चाकाच्या वर, मडगार्डच्या आत जी पोकळी असते, तिच्यात हात घालणारे कमी. आत अंधार असतो, हाताला खरखरीत लागतं, कोपरापर्यंत चिखल येतो आणि एवढं करून कुणाला दिसत तर काहीच नाही. माझे अब्बा मात्र कुठलीही गाडी दाखवली की आधी तिथेच बघतात. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून झाली. वुजू करताना टाच कोरडी राहिली तर वुजू झाला म्हणत नाहीत, तसंच मडगार्डचं आहे, असं ते हसत सांगतात. पण गाडी पुसायला घेतली की हसत नाहीत.

आमचं धामापूर मालवण तालुक्यातलं, कुडाळ-मालवण रस्त्यावरचं. जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. त्यात तांबडी माती आणि किनाऱ्याकडून येणारी खारी हवा. शिवाय मालवणहून मासळीच्या गाड्या निघतात, त्यांतून बर्फाचं खारट पाणी रस्त्यावर ठिबकत राहतं. मागून जाणाऱ्याच्या चाकाने ते उडवलं की थेट मडगार्डच्या आत. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे बाहेरून गाडी कोरडी दिसली तरी आतला चिखल ओलाच असतो. मडगार्डची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते, त्या दुमडीत दोन पत्रे एकमेकांना चिकटलेले असतात. चिखल बसतो तिथेच आणि पत्रा खायला सुरुवात होते तीही तिथूनच.

आता आमच्याकडची खास अडचण. जांभ्याच्या मातीचा लाल रंग हा लोखंडाच्या ऑक्साइडचा. गंज म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइडच. म्हणजे आमच्याकडे चिखल आणि गंज दोघांचा रंग जवळजवळ एक! देशावरच्या काळ्या मातीत गंजाचा तपकिरी डाग उठून दिसतो, आमच्याकडे तो मातीत मिसळून जातो. नुसत्या डोळ्यांनी बघून काही कळत नाही. अब्बांची परीक्षा साधी आहे. पांढरं फडकं ओलं करून पुसायचं. माती फडक्यावर येते आणि खालचा रंग गुळगुळीत लागतो. गंज असेल तर पुसल्यावरही नखाला कण लागतात, रंग फुगलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फोडासारखा उचलला जातो. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, खाल्लेला मेल्यासारखा वाजतो. बाहेरच्या बाजूला लोहचुंबक फिरवायचं. जिथे लांबी भरलेली असेल तिथे ते धरत नाही.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या ऑक्टोबरातलं. माझा फुफीचा मुलगा आखातातून कायमचा परत आला. साठवलेल्या पैशांतून जुनी गाडी घ्यायची आणि भाडी मारायची, असा त्याचा विचार. एक गाडी पसंत पडली, त्याने दहा हजार बयाणा देऊनही टाकला आणि दाखवायला गाडी आमच्या अंगणात आणली. गाडी खरंच देखणी होती. मडगार्डच्या आत तर नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखा काळा रंग. ‘‘अंडरबॉडी कोटिंग नवीन केलंय, मामू,’’ तो कौतुकाने म्हणाला.

अब्बांना आता खाली वाकता येत नाही. ते खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ‘‘बेटा, स्टेअरिंग पूर्ण फिरव, आणि आत वर जिथे शॉक-ॲब्सॉर्बरचं टोक बसतं तिथे दाबून बघ.’’ मी दाबलं. काळं कोटिंग आत गेलं. टोकाने खरवडलं तर खाली गंजाचे पापुद्रे, त्याखाली भोक. चाकाचा सगळा दणका जिथे बसतो, ती जागा.

भाऊ आधी आमच्यावरच चिडला. ‘‘आपा, तुम्हाला दोघांना प्रत्येक गाडीत गंजच दिसतो.’’ ते साहजिक होतं. बयाणा गेला तर कुठल्या तोंडाने घरी सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता. मग गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. तो वाकला, बघितलं आणि उठून हात पुसत म्हणाला, ‘‘वरसून काळा दिसता म्हणान पैसे देव नको रे बाबा. हेच्यात तू लोकांची पोरां बसवतलस.’’ पुढे कुणी काही बोललं नाही. विकणाऱ्याने बयाणा परत दिला नाही. भावाने तो सोडला.

कोटिंग वाईट, असं माझं म्हणणं नाही. चुकतो तो क्रम. ओल्या चिखलावर किंवा गंजावर डांबरी कोटिंग मारलं की ओल आतच कोंडते आणि गंज निवांत वाढतो. जुनं कोटिंग कडक होऊन तडकलं तरी तेच. तडीतून पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. आणि तो चकाकी आणणारा स्प्रे, ज्याला सर्व्हिसिंगवाले ड्रेसिंग म्हणतात, तो आतल्या प्लास्टिकच्या लायनरला छान दिसतो, पत्र्याचं रक्षण मात्र त्याने होत नाही. ब्रेकच्या डिस्कवर तो उडाला तर घातच.

आम्ही पाऊस संपला की करतो ते असं. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, चाक काढणार असाल तर जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. आधी कोरडाच चिखल लाकडी पट्टीने पाडायचा. एका गाडीतून घमेलंभर माती निघते, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. मग पाणी मारून भिजत ठेवायचं आणि नारळाच्या सोडणाने घासायचं. प्रेशरचा पाइप मी टाळते. तो चिखल बाहेर काढण्याऐवजी दुमडीत कोंबतो आणि चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरी दुखावतो. लायनरच्या मागे सुकलेला पाला आणि माती साचते, म्हणून तो काढावा लागतो (जुन्या क्लिपा तुटतात, नव्या आधीच आणून ठेवा). दाराखालच्या पट्टीला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती काडीने मोकळी करायची. नंतर दोन दिवस कडकडीत ऊन. कंटाळा येतो तो इथेच, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, मग रंग, आणि कोटिंग सगळ्यात शेवटी.

पूर्वी पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल आणि जळकं ऑइल मारून आणायची पद्धत होती. अब्बांनीही ती बघितली आहे. स्वस्तात लोखंड वाचायचं, पण रबराचे बुश फुगायचे आणि पहिल्या चार सरींत अर्धं ऑइल रस्त्यावर. धामापुरात रस्त्यावरचं पाणी कुठे जातं? उतारावरून शेतात आणि तळ्याकडे. १५३० साली नागेश देसाईंनी बांधलेलं हे तळं २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत गेलं. जळकं ऑइल तर सरकारी नियमांतही घातक कचऱ्यात मोडतं. म्हणून आम्ही गाडी तळ्यापासून लांब, अंगणात बादलीने धुतो आणि ब्रेकची काळी पूड, ग्रीस असलेला गाळ पाटात जाऊ देत नाही. निथळून पत्र्याच्या डब्यात भरतो, तो कुडाळच्या फेरीत मिस्त्रीच्या जळक्या ऑइलच्या पिंपासोबत जातो.

भावाने महिनाभराने दुसरी गाडी घेतली. दिसायला पहिलीपेक्षा फिकी, दारावर ओरखडे. मडगार्डच्या आत मात्र वर्षानुवर्षांचा तांबडा चिखल तसाच, कुणी हातच लावला नव्हता. अब्बांना ती बघताक्षणी आवडली. दोन घमेली माती निघाली, उजवीकडच्या मागच्या दुमडीत तळहाताएवढा गंज निघाला, बाकी पत्रा खणखणीत. मिस्त्रीने तो तुकडा कापून नवा जोडला. आता ती गाडी रोज कुडाळला जाते आणि भाऊ दर जुम्याला, नमाजला निघण्याआधी, चाकांच्या आत पाण्याची एक एक बादली मारतो.